राखणीचा कुत्रा : घरात ठेवावा की खोपीत?

गोठ्याचा उतार कोणत्या बाजूस असावा, गव्हाण किती उंच बांधावी, शेणखताचा खड्डा विहिरीपासून किती अंतरावर काढावा, या गोष्टींचा विचार आपला शेतकरी पुष्कळ बारकाईने करतो. परंतु त्या गोठ्याची, खळ्याची व भाजीच्या मळ्याची जो रात्रभर जागून राखण करतो, त्या कुत्र्याने स्वतः कोठे निजावे याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. दाराशी खुंट ठोकून साखळी अडकविली व सायंकाळी भाकरीचा तुकडा टाकला, म्हणजे आपले कर्तव्य संपले अशी समजूत फार ठिकाणी आढळते. उलटपक्षी, जुनी कौलारू घरे जाऊन सिमेंटची पक्की घरे झाल्यापासून दुसरे टोकही दिसू लागले आहे. कुत्रा माजघरात पंख्याखाली निजतो, आणि मग मालकाची तक्रार अशी की, रात्री गोठ्यात काही शिरले तरी हा भुंकत नाही! या दोन टोकांमध्ये शेतकऱ्याच्या हिताचा मार्ग कोणता, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परिस्थितीचा विचार प्रथम करावा

कोणत्याही जनावराच्या निवाऱ्याचा प्रश्न हवापाण्यास सोडून सोडविता येत नाही. थंड मुलखातील पुस्तकात वाचलेली व्यवस्था उचलून आपल्या अंगणात आणल्यास ती फसते. म्हणून येथे एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवून विचार करू. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात, बदलापूरच्या पश्चिम भागात, उल्हास नदीच्या जवळ हेंद्रेपाडा आहे. आज तेथे वस्ती दाट झाली असून इमारती उभ्या राहिल्या आहेत; तथापि आसपासच्या गावांतून भाताची शेते, भाजीचे मळे व जांभळांची झाडे अद्याप आहेत, आणि ज्यांची जमीन आहे त्यांच्या दारात कुत्राही आहे.

या बाजूच्या चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पडणारा पाऊस व त्यामुळे चार महिने टिकणारी ओल. दुसरी, एप्रिल-मे महिन्यांतील, चाळीस अंशांच्या वर जाणारी उष्णता. तिसरी, नदीचा पूर. २६ जुलै २००५ चा महापूर कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली व सुमारे हजार उतारूंस बाहेर काढावे लागले. चौथी गोष्ट बिबट्याची. हे जनावर केवळ रानात राहते ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या भरवस्तीत एका इमारतीत बिबट्या शिरला होता. जेथे तो गच्चीपर्यंत येऊ शकतो, तेथे परसदारी येणे त्यास काय अवघड!

बिबट्याचा कुत्र्याशी संबंध किती निकट आहे, हे विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासावरून स्पष्ट होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याचे भक्ष्य ठरविले. तेव्हा असे आढळले की, त्याच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्याच्या वजनापैकी शेकडा ८७ भाग पाळीव व वस्तीतील जनावरांचा असून, एकट्या कुत्र्याचा वाटा शेकडा ३९ होता. शेळीचा वाटा याहून पुष्कळच कमी भरला. अर्थात आपण ज्यास राखणदार म्हणून बाहेर बांधतो, तोच बिबट्याचे मुख्य अन्न होऊन बसतो.

काम कोणते, यावर जागा अवलंबून

कुत्र्याच्या कामाचे आपल्याकडे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, घर, गोठा व खळे यांची राखण. हे काम बहुधा गावठी कुत्रा करतो, आणि उत्तम करतो. दुसरा, शेळ्यामेंढ्यांच्या कळपाची राखण. पावसाळा संपल्यावर घाटावरील धनगर कोकणात उतरतात व शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवितात. त्यांच्या कुत्र्यांचे काम आपण पाहिलेलेच असते. तिसरा, धावून पाठलाग करण्याचा. यात कारवान व मुधोळ ही कुत्री येतात. मुधोळ हे पूर्वीचे घोरपड्यांचे संस्थान असून आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील कुत्र्याचे चित्र २००५ साली भारताच्या टपाल तिकिटावर छापले गेले.

या तिन्ही प्रकारांस एकच व्यवस्था लागू पडत नाही. कळपाच्या कुत्र्याने कळपाजवळच निजले पाहिजे. स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ साली असे दाखविले की, पिल्लाच्या वयाच्या सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओढ जडण्याचा असतो. या काळात ज्याचा सहवास घडेल त्यास ते आपले मानते. पुढे रेमंड व लॉर्ना कॉपिंजर यांनी युरोप व आशियातील मेंढपाळांच्या कुत्र्यांवर काम केले, त्याचाही निष्कर्ष याच धर्तीचा आहे. पिल्लू लहानपणीच मेंढरांत वाढले तर मोठेपणी त्यांस सोडून जात नाही. आपले धनगर हे पुस्तकावाचून जाणतात. तात्पर्य, कळपाचा कुत्रा घरात वाढविणे ही चूक होय.

दारच्या राखणदाराची गोष्ट निराळी आहे. त्याने जीव लावावयाचा तो माणसांवर व घरावर. घरात निजल्याने त्याची निष्ठा कमी होते किंवा तो भित्रा होतो, ही समजूत निराधार आहे. कमी होते ते त्याचे ऐकणे. कुत्र्याच्या कानास माणसास न ऐकू येणारे सूक्ष्म ध्वनीही ऐकू येतात. परंतु दारेखिडक्या लावलेल्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत, गोठ्यामागे वाजलेले पाऊल त्याच्या कानी पडावे कसे? दोष कुत्र्याच्या स्वभावात नसून भिंतीत आहे.

घरात ठेवण्याचे गुणदोष

घरात कुत्रा कोरडा राहतो, बिबट्यापासून सुरक्षित राहतो, मोकाट व पिसाळलेल्या कुत्र्यांशी त्याची गाठ पडत नाही. आणि तो आजारी पडल्यास, अन्न टाकल्यास अथवा लंगडू लागल्यास ते घरच्या माणसांच्या लगेच लक्षात येते. हे फायदे थोडे नव्हेत. तीन महिन्यांच्या आतील पिल्लू, विणारी कुत्री, आजारी व म्हातारा कुत्रा यांस आत घ्यावे, याविषयी तर वादच नाही.

दोषही तितकेच ध्यानात घ्यावे. वर सांगितल्याप्रमाणे राखणीचा मुख्य हेतू आत ठेवल्याने अर्धा नष्ट होतो. दुसरा दोष गोचिडांचा. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली गळते, भिंतीवर चढते व फटीत शिरून हजारांच्या संख्येने अंडी घालते. आणि तिची पिल्ले अन्नावाचून कित्येक आठवडे तग धरतात. म्हणून एकदा का घराच्या भेगांत तिने बस्तान बसविले की ती काढणे महाकठीण होते. तिसरा दोष असा की, जंतांचे औषध न दिलेला कुत्रा लहान मुलांच्या अंथरुणात निजल्यास त्याच्या जंतांची अंडी मुलांच्या पोटात जाण्याचा संभव असतो. परंतु हे शेवटचे दोन दोष घराचे नसून निष्काळजीपणाचे आहेत. औषधोपचार वेळेवर झाल्यास ते टळतात.

बाहेर ठेवण्याचे गुणदोष

बाहेर निजणाऱ्या कुत्र्याचे कान व नाक मोकळे राहते, घर स्वच्छ राहते, आणि ऋतुमानाची त्यास सवय होते. परंतु बाहेर ठेवणे म्हणजे उघड्यावर टाकणे नव्हे. ओले अंग व ओली जमीन यांमुळे कातडीचे रोग व संधिवात जडतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोक्यात कोंडलेला कुत्रा भाजून निघतो. कारण त्यास आपल्याप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि हवा दमट असली की धापेचाही उपयोग कमी होतो. भातशेतीच्या मुलखात आणखी एक धोका म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मुतातून या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. कुत्र्यास होतो तसाच तो चिखलात राबणाऱ्या माणसासही होतो. म्हणून कुत्र्यास त्याची लस टोचणे हे घरच्या माणसांच्याही हिताचे आहे.

कित्येक शेतकरी गोठ्यातच कुत्रा ठेवतात. त्यास हरकत नाही. मात्र दोन नियम कडकपणे पाळावे. कुत्र्यास वैरणीवर बसू अथवा घाण करू देऊ नये. आणि गाय-म्हैस व्याली असता तिची वार किंवा मेलेले वासरू त्यास खाऊ न देता खोल पुरावे. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. तो कुत्र्याच्या विष्ठेतून वैरणीत व तेथून गाईच्या पोटात जातो, आणि त्यामुळे गाय गाभडते. कुत्रा हा या रोगाचा प्रसारक असल्याचे १९९८ साली सिद्ध झाले. गाय का गाभडली याचा शोध करताना पुष्कळांचे लक्ष इकडे जात नाही.

पोलीस व लष्कर यांची कुत्री बाहेरच्या खोल्यांत राहतात, मग आमची का राहू नयेत, असे कोणी विचारील. तर तेथे प्रत्येक कुत्र्यामागे नेमलेला माणूस असतो, रोजची कसरत व पशुवैद्याची तपासणी असते. ती व्यवस्था सोडून केवळ खोलीचे अनुकरण करणे म्हणजे नांगरट न करता पेरणी करण्यासारखे आहे.

साखळीविषयी

साखळी ही खरोखर व्यवस्थाच नव्हे; व्यवस्थेचा अभाव होय. दिवसरात्र बांधलेला कुत्रा चिडका होतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर सारखा भुंकतो, आणि सतत भुंकणाऱ्याच्या भुंकण्याकडे मालकाचेही लक्ष राहात नाही. मग चोर आला काय नि पाहुणा आला काय, आवाज एकच! शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमान्वये जनावरास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हा अपराध ठरविला आहे.

परंतु साखळीचा खरा दोष संकटकाळी दिसतो. बिबट्या आला असता मोकळा कुत्रा पळून आत शिरू शकतो; बांधलेला जागच्या जागी मारला जातो. पुराचे पाणी चढले असता मोकळा कुत्रा पोहून उंचवट्यावर जातो. बांधलेला साखळीच्या लांबीइतकाच वर येतो, आणि मग बुडतो.

कडी कोणाच्या हाती?

येथे प्रश्नाची खरी गाठ आहे. बिबट्यासाठी कुत्रा रात्री बंद जागेत पाहिजे, आणि पुरासाठी तो मोकळा पाहिजे. मळ्यात घरापासून दूर उभारलेल्या खोपीस भक्कम दार लावले तर बिबट्या अडेल, परंतु पूर आल्यास तीच खोपी कुत्र्याचा सापळा होईल. दार उघडे ठेवले तर पुरातून वाचलेला कुत्रा बिबट्याच्या तोंडी जाईल. या दोन्ही गरजा एकाच ठिकाणी भागतात. आणि ते ठिकाण म्हणजे जेथे हाकेच्या अंतरावर माणूस निजतो ते. म्हणून आमचे मत असे की, ज्या कडीस रात्री माणसाचा हात पोहोचत नाही, त्या कडीमागे कुत्रा कोंडू नये.

आपल्या जुन्या घरांतील पडवी ही या कामास उत्कृष्ट जागा आहे. ती छपराखाली असते, जोत्यावर असते, तिच्यातून अंगण व गोठा यांचा कानोसा घेता येतो, आणि माजघराचे दार तिला लागूनच असते. पडवीस किंवा ओट्यास लोखंडी जाळी व आतून उघडणारी कडी बसविली म्हणजे कुत्रा ना धड घरात, ना धड बाहेर, अशा योग्य ठिकाणी राहतो. तो भुंकला की आपण उठावे. दिवा लावावा, आतूनच पाहावे, आणि मगच दार उघडावे. रात्री कुत्र्यास अंधारात सोडून त्याच्यामागे जाण्याचे धाडस करू नये.

ज्यांच्या नव्या घरास पडवी नाही, त्यांनी घराच्या भिंतीस लागून, निजण्याच्या खोलीच्या खिडकीजवळ खोपी बांधावी. पुराच्या पट्ट्यातील लोकांनी पावसाळ्याचे चार महिने तरी तीत कुत्रा कुलूप लावून ठेवू नये. पाणी वाढण्याची सूचना येताच गुरांची दावी सोडण्यापूर्वी कुत्र्याची कडी काढावी. ते काम एका क्षणाचे आहे, पण घाईत तेच विसरते.

खोपीची रचना

मध्यम उंचीच्या गावठी कुत्र्यास साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद व तीन फूट उंच एवढी जागा पुरे. त्यास उभे राहता यावे, वळता यावे व पाय पसरून निजता यावे, हे माप समजावे. फार मोठी खोपी थंडीत अंगाच्या उबेने तापत नाही. बांधताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. जमीन जोत्याने किंवा पायांनी दीड ते दोन फूट उंच करावी, म्हणजे खालून वारा खेळेल व पावसाचे पाणी आत येणार नाही.

२. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दार पूर्वेस अथवा घराकडे तोंड करून ठेवावे. दार मध्यभागी न ठेवता एका कडेस ठेवल्यास आतील अर्धा भाग कोरडा राहतो.

३. छप्पर मागे उतरते व पुढे एक फूट बाहेर आलेले असावे. कौले उत्तम, पत्रा घातल्यास उन्हाळ्यात त्यावर पेंढ्याचा जाड थर बांधावा.

४. फळ्यांना व भिंतीला फटी ठेवू नयेत. त्या बुजवून वरचेवर चुना द्यावा. फट म्हणजे गोचिडीचे घर.

५. अंथरुणास भाताचा कोरडा पेंढा चांगला. पावसाळ्यात तो दर आठवड्यास बदलावा व जुना जाळावा. बुरसलेला पेंढा वापरू नये. कारवान व मुधोळ यांच्या अंगावर केस व चरबी दोन्ही कमी असल्याने त्यांस पेंढ्यावर गोणपाटही घालावे.

६. जाळी जाड तारेची, खालीवर व चोहोबाजूंस असावी. नुसत्या लाकडी फळीने बिबट्या अडत नाही. उष्टेखरकटे व मेलेल्या कोंबड्या अंगणाजवळ टाकू नयेत. त्या वासावर मोकाट कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

दिवसा मात्र खोपी असो वा पडवी, कुत्रा कोंडून ठेवू नये. सकाळ-संध्याकाळ त्यास बांधाबांधाने फिरवावे. उन्हाळ्यात दाट सावली व मातीच्या रुंद भांड्यात ताजे पाणी असावे. दुपारी काम घेऊ नये.

रोगप्रतिबंध

निवारा कितीही चांगला असला तरी पुढील गोष्टींवाचून तो व्यर्थ आहे. पिल्लास दीड ते दोन महिन्यांचे झाल्यापासून पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने टोचावी व पुढे नियमाने ती चालू ठेवावी. मोठ्या कुत्र्यास साधारण तीन महिन्यांनी जंतांचे औषध द्यावे. कच्चे आतडे, फुप्फुस वगैरे टाकाऊ भाग खाऊ घालू नयेत, शिजवून घालावे. गोचिडांसाठी पिकावर फवारण्याचे विष कुत्र्याच्या अंगास चोळण्याची चाल फार घातक आहे. त्याने गोचिडांबरोबर कुत्राही मरतो, आणि त्यास कुरवाळणाऱ्या मुलांनाही अपाय होतो. कुत्र्यासाठीच केलेले औषध, त्याच्या वजनाच्या मानाने, पशुवैद्यास विचारून वापरावे.

कोणताही कुत्रा चावल्यास, मग तो घरचा का असेना, जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखमेवर हळद, चुना अथवा मिरची भरून वेळ दवडू नये. लुई पाश्चर यांनी १८८५ साली ही लस माणसास प्रथम टोचली. परंतु रोगाची लक्षणे एकदा उमटल्यावर आजही त्यावर खात्रीचा इलाज नाही.

उपसंहार

सारांश, कळपाचा कुत्रा कळपाजवळ, दारचा राखणदार पडवीत किंवा घरास लागून असलेल्या खोपीत, आणि पिल्लू, आजारी व म्हातारा कुत्रा घरात, अशी वाटणी ठेवावी. खंडोबाच्या पायाशी ज्यास आपण स्थान देतो, त्यास आपल्या उंबऱ्याजवळ चार हात कोरडी जागा देणे कोणासही जड जाऊ नये. यास लागणारा खर्च म्हणजे थोड्या फळ्या, थोडी जाळी व घरचा पेंढा. तो पावसाळ्याच्या तोंडी, घर शाकारताना किंवा आवण लावण्याच्या आधी करून टाकावा. आणि ज्यांच्या दारात आज रात्री कुत्रा साखळीने बांधलेला आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून प्रथम ती कडी आपल्या निजण्याच्या जागेपासून किती अंतरावर आहे, हे एकदा पावलांनी मोजून पाहावे.